खाली आलेला काटा

इंजिन गेल्यावर मला दोन माणसांनी दोन साधे प्रश्न विचारले. दोघांनाही मी ‘नाही’ म्हणालो. दोन्ही वेळा खरं उत्तर ‘हो’ होतं. अडुसष्ट हजारांचं बिल भरून झालं, गाडी दारात उभी आहे, चालतेही. ते दोन नकार मात्र अजून तसेच पडून आहेत.

मे महिन्यातली दुपार होती. नांदेडला मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा. आखाडा बाळापूरहून नांदेडला वर्षानुवर्षं आम्ही एसटीनेच जात आलो. पण घरात गाडी येऊन सात महिने झाले होते आणि सासरच्या माणसांनी ती अजून पाहिली नव्हती. हे कारण मी बायकोलाही सांगितलं नाही. तिला म्हणालो, उन्हाचा त्रास नको. वारंगाफाट्याच्या अलीकडे तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. मी तो पाहिला. एसी बंद केला, म्हणजे काय चाललंय ते मला कळलं होतं. बायको म्हणाली, ‘अहो, कायतरी गोड वास यायलाय. पाकासारखा.’ मी म्हणालो, ‘शेतात काहीतरी जाळत असतील.’ फाट्यावर थांबता आलं असतं. सावली होती, पाणी मिळालं असतं. अर्धा तास उशीर झाला असता, इतकंच. थांबलो नाही. आणि फाटा मागे पडल्यावर काटा झरकन खाली आला. मला इतकं हायसं वाटलं की मी वेग वाढवला.

अर्धापूर यायच्या आधी, केळीच्या बागांजवळ, इंजिनातून खडखड ऐकू आली आणि गाडी बंद पडली.

टोचन करून गाडी बाळापूरला आणली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘काटा वर गेल्ता का सर?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘उलट खालीच होता.’

आज वाटतं, त्या ‘नाही’पेक्षा हे ‘उलट खालीच होता’ जास्त वाईट. त्यात थोडं खरं होतं, आणि तेवढ्याच खऱ्याच्या आधाराने मी उभा राहिलो. मिस्त्री हात पुसत म्हणाला, ‘पाणी संपलं की काटा खालीच येतो सर. पाण्यात बुडलेला असतो तवर ताप सांगतो. पाणीच राहिलं नाही तर कशाचा ताप सांगणार?’

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. धातू तापला की प्रसरण पावतो, हे सव्वीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. द्विधातू पट्टी दिव्यावर धरून ती कशी वाकते तेही दाखवतो. माझ्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट वाढतं. हेड वाकलं, मधलं पॅकिंग गेलं, उरलंसुरलं पाणी ऑईलमध्ये मिसळलं आणि ऑईल दुधाळ चहासारखं झालं. असं ऑईल वंगणाचं काम करत नाही. क्रँकचे बेअरिंग खरवडले गेले. रेडिएटर उघडला तर नळ्यांत पांढरा थर. सात महिने मी त्यात घरच्या बोअरचं पाणी ओतत होतो. दुष्फेन पाणी तापलं की क्षार बसतात, हा धडाही मीच शिकवतो. कूलंटचा डबा काही शे रुपयांचा. मला ते पैसे जड नव्हते. फक्त दर आठवड्याला पाणी का कमी होतंय, या प्रश्नापाशी मला थांबायचं नव्हतं. पाणी ओतलं की प्रश्न मिटत होता.

दुसरा प्रश्न कळमनुरीला वकिली करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. बिलाचा आकडा ऐकून मी तावातावाने त्याच्याकडे गेलो होतो. गाडी विकणाऱ्याने फसवलं, ग्राहक आयोगात जायचं, असं ठरवूनच. त्याने शांतपणे समजावलं. घरची गाडी एकदा विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळे 2019चा ग्राहक संरक्षण कायदा इथे फारसा उपयोगी नाही. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी 1 एप्रिल 2023 पासून वेगळे नियम आले, पण तेही या व्यवहाराला लागू नाहीत. 1930च्या माल विक्री कायद्याचा रोख असा की वस्तू नीट पाहून घेणं ही सहसा घेणाऱ्याची जबाबदारी. मग म्हणाला, ‘मात्र त्याने दोष माहीत असून लपवला असेल तर ती फसवणूक होते सर, 1872च्या करार कायद्याप्रमाणे. विकताना तो काही बोलला होता का?’

‘नाही,’ मी म्हणालो.

तो बोलला होता. नांदेडचा तिशीतला मुलगा, वडील दवाखान्यात, पैशांची निकड. चावी देण्याआधी स्वतःहून म्हणाला होता, ‘सर, पाणी जरा कमी व्हायलंय. एकदा दाखवून घ्या.’ आमच्या भागात हळदीचा सौदा करताना व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. इथे तर समोरच्याने स्वतः हळकुंड मोडून माझ्या हातावर ठेवलं होतं. मी काय केलं? त्या एका वाक्यावर दहा हजार कमी करून घेतले. आणि दवाखान्याचं कळल्यावर आणखी पंधरा. ते पंधरा कशाचे होते? पाण्याचे नव्हते, हे तर मला तेव्हाही ठाऊक होतं.

म्हणजे दोषाची किंमत मी वसूल करून घेतली होती. मग दोष निघाल्यावर ‘फसवलं’ कशासाठी म्हणालो? वाटतं, फसवला गेलेला माणूस लोकांना जवळचा वाटतो. शाळेत, पारावर, लग्नाच्या पंगतीत मी ही हकीकत सांगत होतो आणि लोक हळहळत होते. ‘काटा दिसत होता तरी थांबलो नाही’ असं सांगितलं असतं तर कोण हळहळलं असतं? पहिल्यांदा सांगताना आत टोचलं होतं, हे नक्की आठवतं. दुसऱ्यांदा कमी. पाचव्या-सहाव्यांदा काहीच टोचलं नाही, तेव्हा मला वाटू लागलं की घडलं असंच असेल. त्या टोचणीला काही झालं होतं, की तिला सांगायला आत काही उरलंच नव्हतं? मिस्त्रीचं वाक्य मला या ठिकाणी आठवतं आणि मी पुढे विचार करायला घाबरतो.

अजून एक गोष्ट आहे. त्या मुलाने सह्या करून दिलेले फॉर्म 29 आणि 30 माझ्या कपाटात पडून होते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव चढवून घ्यायचं. हिंगोलीची एक खेप, थोडी फी. मी सात महिने गेलो नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. हेही मला त्या वकील विद्यार्थ्याकडूनच कळलं. त्याला वाटलं, सरांनी नाव कधीच बदलून घेतलं असेल, आणि मी तेव्हाही गप्प बसलो. म्हणजे त्या सात महिन्यांत माझ्या हातून कुणाला धक्का लागला असता, तर ज्याला मी गावभर लबाड म्हणत होतो त्याच्या दारात नोटीस गेली असती. वडिलांच्या आजारपणात.

गेल्या आठवड्यात कागद दाखल केले. त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मी तर शेजारीच बसले होते.’ एवढंच. इतके दिवस लोकांसमोर माझी हकीकत ऐकताना ती कुठे पाहत असायची, हे मला आठवेना.

मग त्या मुलाला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. त्याने नमस्कार केला आणि माझ्याआधी त्यानेच विचारलं, ‘सर, पाण्याचं दाखवून घेतलं का?’ मी म्हणालो, ‘तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही.’ तो थोडा गोंधळला. वडिलांचं विचारलं. ते मार्चमध्ये गेले होते. पंधरा हजारांचा विषय मला काढता आला नाही. ती रक्कम पाकिटात घालून ठेवली आहे, पण ती घेऊन त्याच्या दारात जाणं म्हणजे पुन्हा स्वतःलाच मोकळं करून घेणं तर नाही ना, हे ठरत नाही. तरी जाणार आहे.

काल बाजारात तो वकील विद्यार्थी भेटला. भर गर्दीत वाकून पाया पडला. म्हणाला, ‘सर, त्या गाडीचं काय झालं?’ मी पावसाचं बोललो.