ऊन पाण्याचे पुण्य

मराठी मध्यमवर्गात माणसाचे चारित्र्य त्याच्या अंघोळीच्या पाण्यावरून ठरते. ‘अमके तमके बारा महिने गार पाण्याने अंघोळ करतात’ एवढे कुणाविषयी म्हटले, की मग त्या गृहस्थाने भावाचा जमिनीतला हिस्सा लाटलेला असला तरी चालते. उलट, ऊन पाणी घेणारा माणूस कितीही सज्जन असला, तरी आतून थोडा ढिलाच असणार, अशी आपली एक समजूत आहे. आमच्या वाड्यात एक काका पहाटे पाचला नळाखाली बसत आणि असे खणखणीत स्तोत्र म्हणत, की घराघरांत बंबापाशी शेकत बसलेल्या मंडळींना अपराध्यासारखे वाटे. ते स्तोत्र देवासाठी किती आणि हुडहुडीसाठी किती, याचा हिशेब कोणी मागितला नाही. दिवाळीतले चार दिवस तेवढे ऊन पाण्याला शास्त्राचा परवाना. एरवी सुख घ्यायचे ते थोडे चोरूनच.

हा आपलाच रोग असावा असे मी समजत होतो. पण हा रोग पार विलायतेपर्यंत आहे आणि तिथे तो अंघोळीत नसून खिडक्यांच्या काचांत आहे, हे मला भाच्याकडे गेलो तेव्हा कळले. भाचा लीड्सजवळच्या एका गावात असतो. मी गेलो ते नोव्हेंबरअखेर. बाहेरची हवा अशी, की आमच्या वाड्यातल्या काकांनीसुद्धा स्तोत्र आटोपते घेतले असते.

इंग्रजांचे आणि खिडक्यांचे नाते जुने आणि पैशाचे आहे. १६९६ साली त्यांच्या सरकारने खिडक्यांवर कर बसवला आणि तो उठायला १८५१ साल उजाडले. म्हणजे १५५ वर्षे हे लोक उजेडाचे पैसे भरत होते. कित्येकांनी कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या खिडक्या जुन्या घरांवर अजून दिसतात. ज्या वस्तूवर पणजोबांच्या पणजोबांनी कर भरला, ती वस्तू माणूस पुसून ठेवणारच. तिथे घरोघर दर चार आठवड्यांनी काचवाला येतो. आपल्याकडे दूधवाल्याचा जसा रतीब, तसा तिकडे काचांचा.

पूर्वी हा माणूस शिडी आणि बादली घेऊन येई. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एत्तोरे स्तेकोने नावाच्या इटालियन माणसाने १९३६ च्या सुमारास पितळी मुठीचे हलके रबरी ओढणे काढले. ते हातात, खांद्यावर फडके आणि पायाखाली डुगडुगणारी शिडी. पुढे २००५ साली उंचीवरच्या कामाचे कडक नियम आले. शिडीवाचून काम होत असेल तर शिडी चढू नका, असा त्यांचा मथितार्थ. तेव्हापासून लांब दांड्याची पद्धत फोफावली. काचवाल्याच्या व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, तिला लांबच लांब नळी, नळीच्या टोकाला दोन मजले गाठणारा हलका दांडा आणि त्यावर पाणी सोडणारा ब्रश. काचवाला खाली जमिनीवर उभा. पाणी मात्र साधे नव्हे. त्यातले सगळे क्षार गाळून काढलेले. काच घासायची, धुवायची आणि ओलीच सोडून द्यायची. पुसायची नाही. वाळली की एक डाग राहत नाही. ‘पाण्यात काही नसतं, म्हणून काचेवर काही उरत नाही,’ असे भाच्याने समजावले, तेव्हा मला क्षणभर तो उपनिषदच सांगतो आहे असे वाटले.

आता त्या महिन्यात असे झाले होते, की भाच्याच्या काचवाल्याने व्हॅनमध्ये डिझेलवर चालणारा बंब बसवला. बंब हा माझा शब्द. पाणी आधी गाळायचे आणि मग तापवायचे, कारण गाळणीचा नाजूक पडदा कढत पाण्याला टिकत नाही. मी बी.कॉम. असल्यामुळे बसल्या जागी हिशेब केला. ४०० लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे १४ युनिट उष्णता लागते. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट. थोडी धुरातून जाणार, थोडी नळीतून. म्हणजे टाकीमागे दोनेक लिटर डिझेल. हा झाला खर्च. जमा काय?

जमेच्या बाजूला दोन-चार गोष्टी नक्की आहेत. पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा निम्म्यावर येतो, ते भेगाकोपऱ्यांत लवकर शिरते. पक्ष्यांची शिट आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरचा तेलकट थर लवकर सुटतो. ज्या बाईने हिवाळ्यात तुपाची वाटी घासली आहे, तिला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. नळी थंडीने ताठत नाही. पण खर्चाच्या बाजूलाही नोंदी आहेत. साध्या काचेच्या दोन भागांत ४०-एक अंशांचा फरक पडला तर ती तडकू शकते. म्हणून गोठलेल्या सकाळी आधी कोमट पाण्याने सुरुवात करावी लागते. वाफ इतकी येते, की डाग गेला की नाही ते दिसत नाही. शिवाय दर चार आठवड्यांनी धुतलेल्या काचेवर मुळात मळ असतो किती? तो गार पाण्यानेही निघतोच.

तर ह्या काचवाल्याने घरोघर चिठ्ठी टाकली. यापुढे ऊन पाण्याने काचा धुतल्या जातील, दर पन्नास पेन्स जास्त. गल्लीत खळबळ उडाली. शेजारच्या आजीबाई दारातच उभ्या होत्या. काचवाला येताच त्यांनी त्याला पकडले आणि असा प्रश्न टाकला, की आमच्या ऑडिटरने शिकावे.

‘‘ऊन पाण्यानं काच जास्त स्वच्छ होते ना? मग इतकी वर्षं तू आमच्या काचा अर्धवटच धुवत होतास. आणि होत नसेल, तर पन्नास पेन्स कशाचे?’’

मी मनात म्हटले, संपला हा. दोन्हीकडून मेला. विक्रीकलेचा एक पेपर मी पास झालेलो आहे. त्याप्रमाणे त्याने चमक, टिकाऊपणा, नवे तंत्र असे शब्द टाकून निसटायला हवे होते. त्याने तसे काही केले नाही. हातमोजा काढला, लालबुंद बोटांची एकदा उघडझाप केली आणि म्हणाला, ‘‘तुमच्या काचेला फारसा फरक पडत नाही. मला पडतो.’’

हाताची कातडी १५ अंशांच्या खाली गेली की बोटांचे कसब कमी होत जाते. मोजे भिजतात, दांड्यावरून गार पाणी ओघळून बाहीत शिरते आणि असे दिवसाला पंधरा-वीस घरे. हे सगळे त्याने सांगितले नाही. नुसता हात दाखवला.

आजीबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. पण मग आजपासून चहा बंद.’’ इतके दिवस त्या दर खेपेला त्याला गरम चहाचा मग देत. आता बोटे शेकायची सोय झाली, तर चहा कशाला? खतावणीत दोन्ही बाजू जुळल्या. पुढच्या खेपेला चहा आला की नाही ते पाहायला मी तिथे नव्हतो. पण भाचा सांगतो, की आला. ‘‘कपात उरला होता’’ असे कारण देऊन.

परतीच्या विमानात मी त्या पन्नास पेन्सचा विचार करीत होतो. आमच्या धंद्यात कुठलीही रक्कम कुठल्यातरी खात्यावर टाकावी लागते. हे ऊन पाणी कुठल्या खात्यावर टाकायचे? काच चमकते म्हणून असेल तर तो धंदा. काम लवकर उरकून दोन घरे जास्त होतात म्हणून असेल तर तोही धंदाच. पण माणसाची बोटे दुखू नयेत म्हणून असेल, तर ते खाते आमच्या पुस्तकात नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. हा दुकानदार पोरासोरालाही वाजवी भावानेच माल देतो. का? तर त्याने गिऱ्हाईक टिकते. कांट म्हणतो, कृत्य चोख, पण नैतिक मोल नाही, कारण ते कर्तव्यबुद्धीने केलेले नाही. याच्या उलट ॲडम स्मिथ. त्याचे १७७६ सालचे म्हणणे असे, की खाटीक आणि पाववाला यांच्या दयेवर आपले जेवण अवलंबून नाही, त्यांच्या स्वार्थावर आहे, आणि तेच बरे. कॉमर्सवाल्यांना अर्थातच स्मिथ शिकवतात. कांट शिकवला तर बँका कोण चालवणार?

पण दोघांच्याही पेढीवर हा काचवाला बसत नाही. ‘काच जास्त चमकते’ असे तो म्हणाला असता, तर कोणीही पैसे दिले असते. आपण दुसऱ्याच्या सुखाचे पैसे सहसा आपल्या फायद्याच्या नावाखालीच देतो. त्या माणसाने ते पांघरूण काढून घेतले आणि सरळ विचारले, की निव्वळ माझ्या बोटांसाठी पन्नास पेन्स द्याल का? प्रश्न अडचणीचा आहे. अशी नोंद आली, की आम्ही ती सस्पेन्स खात्यात टाकतो. जगातली बरीचशी नीती मला वाटते त्याच खात्यात पडून आहे.

आणि कामगाराचे सुख म्हटले की कोणीतरी ‘सवय बिघडेल’ म्हणतोच. रविवारच्या सुट्टीचेच बघा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि पुढे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज रविवारी दुपारी बारापर्यंत लोळणारा एकही मनुष्य आपली सवय बिघडली आहे असे मानत नाही. मात्र २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला, तेव्हा त्याच माणसांनी मला जिन्यात गाठून ‘मज्जा आहे बुवा तुमची’ म्हटले. आपली ती गरज, दुसऱ्याची ती चैन. या हिशेबात चूक निघत नाही, कारण तपासणारे आपणच.

मी हे सगळे घरी आल्यावर रंगवून सांगितले. बायकोने कांट आणि स्मिथ यांच्याकडे दुर्लक्ष करून हातमोजाचा भाग दोनदा विचारून घेतला. पुढच्या आठवड्यात प्लंबर आला आणि गिझरची एक नळी स्वयंपाकघरातल्या सिंकवर आली. डिसेंबर होता. पुण्याचे पहाटेचे पाणी बोटांना करवतीसारखे लागते. दुसऱ्या दिवशी भांड्यांच्या मावशींनी नळ सोडला आणि चटकन बंद केला. म्हणाल्या, ‘‘वहिनी, तुमचा गिझर चालू राहिलाय. बिल येईल उगाच.’’

‘‘राहिला नाही, ठेवलाय,’’ बायको म्हणाली.

मावशींनी जरा वेळ तिच्याकडे, मग नळाकडे पाहिले आणि कढईला हात घातला.

बातमी जिन्यातून खाली गेली. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू चौकशीला आल्या. त्यांच्याकडेही ह्याच मावशी. त्या सिंकपाशी गेल्या, नळ पाहिला, पालथे घातलेले एक पातेले उजेडात धरून पाहिले.

‘‘काय हो, भांडी जास्त स्वच्छ निघतात का?’’

‘‘नाही हो,’’ बायको म्हणाली, ‘‘भांडी पूर्वीसारखीच निघतात.’’