किती कापायचं?

स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला घरची माणसंच सांगतात, ‘जीव वाचला ना, मग दिसण्याचं काय घेऊन बसलीस?’ सांगतात मायेनंच. पण जितकं जास्त कापू तितकी बाई जास्त जगेल, ही जुनी समजूत त्यात अजून मुरलेली आहे.

तिला शास्त्राचं रूप दिलं बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड यांनी. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सगळं एकदम काढायचं, ही पद्धत त्यांनी 1894 मध्ये मांडली. तेव्हा गाठी मोठ्या झाल्यावरच लक्षात येत, त्यामुळे त्यांना दोष द्यायला मन धजत नाही. पण पुढची पाऊणशे वर्षं सुपारीएवढ्या गाठीलाही हीच शिक्षा झाली. लंडनमध्ये जेफ्री केन्स 1920 च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून स्तन वाचवत होते. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही.

ऐकावं लागलं ते आकड्यांचं. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांनी 1973 पासून, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत असलेल्या 701 बायकांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या: हॉलस्टेडची शस्त्रक्रिया, किंवा स्तनाचा फक्त चौथा हिस्सा काढून किरणोपचार. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी 1976 पासून नुसती गाठ काढून पाहिली. 2002 मध्ये दोघांचेही वीस वर्षांचे निकाल आले. जगण्यात फरक नव्हता. मात्र फिशर यांच्या चाचणीत किरणोपचार न घेतलेल्या शंभरातल्या सुमारे 39 जणींच्या त्याच स्तनात रोग परतला, घेतलेल्यांपैकी सुमारे 14 जणींच्या. आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. गावाहून येऊन कित्येक आठवडे रोज किरणोपचार घेणं जमायचं नाही, म्हणून कितीतरी बायका अख्खा स्तन काढून घेतात.

मग गाठीभोवतीचं किती काढायचं? काढलेल्या तुकड्याला सर्जन दिशेच्या खुणेसाठी लांब-आखूड टाके घालतात. पॅथॉलॉजिस्ट त्याला बाहेरून शाई लावून काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईला कर्करोगाची पेशी टेकलेली नसली की पुरे, हे आक्रमक कर्करोगापुरतं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये मान्य केलं. त्याआधी काही मिलिमीटरच्या हट्टापायी कितीजणी पुन्हा टेबलावर गेल्या असतील!

राहिला आकार. त्याला मी चोचले म्हणणार नाही. खालच्या भागातली गाठ काढून नुसतं शिवलं, तर किरणोपचारानंतर तिथे खळगा पडतो आणि स्तनाग्र खाली वळून पक्ष्याच्या चोचीसारखं दिसतं. बाईला ते रोज आंघोळीला दिसतं. म्हणून पॅरिसचे क्रिश्ना क्लाफ आणि इतरांनी प्लॅस्टिक सर्जरीची कापणी इथे आणली: स्तन लहान करताना जो भाग काढतात, त्यातच गाठ काढायची, उरलेलं फिरवून पोकळी भरायची. यात भोवतालचं मांस उलट सढळ हाताने काढता येतं. याचा पुरावा बहुतांशी रुग्णालयांच्या नोंदींतला आहे, मिलानसारख्या चाचण्यांचा नाही. पण रोग जास्त परततो असं त्या नोंदींत दिसत नाही.

या शस्त्रक्रियेच्या खुणा बाईला बसवून किंवा उभं करून, पेनाने आधीच कराव्या लागतात. टेबलावर आडवी झाली की स्तन पसरतो, आकार कळत नाही. कुठे कापणार, वण कुठे राहणार, दुसरी बाजूही जुळवून हवी का, हे तेव्हा ती जागी असते आणि सर्जन तिलाच विचारू शकतात.