भित्रा कोणाला म्हणायचं?

सेकंड इयरला हॉस्टेलच्या मेसमध्ये मी ताट घेऊन निघालो की मागच्या टेबलावरून कुणीतरी ‘ए बायल्या’ अशी हाक मारायचं. मग हशा. मी मान खाली घालून जेवायचो. रात्री अंथरुणावर पडलं की एकेक जबरदस्त उत्तर सुचायचं.

आता मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मी गे आहे हे बहिणीला आणि चार मित्रांना माहीत आहे. ती उत्तरं कधीच विसरलो, एक प्रश्न तेवढा राहिला. मी गप्प बसलो, तो भित्रेपणा होता का?

अन्याय सहन करणाराही दोषी असतो, हा सुविचार आपण सगळ्यांनी शाळेच्या फळ्यावर वाचलाय. ऐकायला छान आहे. पण मी उलट बोललो असतो तर? शिव्यांच्या जागी मार पडला असता. कुणीतरी घरी फोन केला असता आणि माझी फी तर घरूनच यायची. ‘धाडस दाखव’ म्हणणाऱ्याच्या खिशातून यातलं काहीच जाणार नव्हतं.

मला रामचंद्र सिरस आठवतात. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक, कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचं खाजगी आयुष्य चित्रित केलं. विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांना. ते कोर्टात गेले. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. त्यानंतर आठवड्याभरातच भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला. ते लढले, कोर्टानं त्यांची बाजू घेतली, तरी ते सुरक्षित नव्हते. बरोबर असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसताना पहिलीसाठी झगडायचं की नाही, हे ज्याच्यावर बेतलंय त्यानंच ठरवायचं.

मला वाचवलं ते माझ्या रूममेटनं. माझ्याबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं. एके रात्री तो ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला आणि सबमिशनबद्दल बोलायला लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. महिन्याभरात हाका कमी झाल्या. एकट्या माणसाला त्रास देणं सोपं असतं, दोघांना देताना विचार करावा लागतो. मग तोच म्हणाला, “लिहून ठेव. तारीख, वेळ, कोण होतं, काय म्हणालं. ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट स्वतःलाच मेल कर.” यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून दिलेला त्रासही धरला जातो, हेही त्यानंच शोधून काढलं. मी तक्रार केली नाही. पण ती वही हातात असताना गप्प राहणं वेगळं होतं. आधी गप्प राहण्यावाचून मार्ग नव्हता, आता तो माझा निर्णय होता.

म्हणून आता मला वाटतं, धाडसाची अपेक्षा करायचीच तर ती ज्याला कमी गमवायचंय त्याच्याकडून करावी.

हे पटल्यामुळेच माझी अडचण झाली. गेल्या वर्षी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकानं टीममधल्या नव्या मुलाच्या चालण्याची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो. ओळखला जाईन या भीतीनं. पण या वेळी माझ्याकडे नोकरी होती, पगार होता, कुणी माझ्या घरी फोन करणार नव्हतं. मेसमधलं माझं गप्प बसणं मी माफ करू शकतो. ते हसू नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी त्या मुलासमोर जाऊन बसलो. नंतर नक्कल करणाऱ्याला बाजूला घेऊन म्हणालो, “कालचं ते परत करू नकोस.”

“का रे, तुला काय झालं?”

छातीत धडधडत होतं.

“मला आवडलं नाही,” मी म्हणालो. त्याला एवढंच सांगणं पुरेसं होतं.