सोणाच्या वहाणा

कलेचे व्रत घेतलेल्या माणसाने आपल्या शरीराची आणि आपल्या बसण्याच्या जागेची निगा राखावी काय, हा प्रश्न वरकरणी आरोग्यशास्त्राचा किंवा गृहव्यवस्थेचा वाटला, तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. कारण वेळेवर जेवताना, रात्री दिवा मालवताना किंवा विखुरलेले कागद आवरण्यात सकाळचा तास घालवताना ज्या कलावंताला आपण काही चोरी करीत आहोत असे वाटते, त्याच्या मनात ही समजूत ठाण मांडून बसलेली असते की, कला ही एक उग्र देवता असून तिला नैवेद्य लागतो तो देहाचा. आपल्याकडे या समजुतीला तपश्चर्येच्या कथांनी खतपाणी घातले आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कवींच्या व चित्रकारांच्या क्षयाने आणि दारिद्र्याने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. परिणामी अस्ताव्यस्त खोली, तारवटलेले डोळे आणि चहावर काढलेले दिवस हीच प्रतिभेची सनद मानली जाऊ लागली. ही सनद बनावट आहे असे माझे मत आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मी वैद्यांना नव्हे, तर ज्यांच्या नावावर ही सनद फिरवली जाते त्या विरक्तांनाच साक्षीला बोलावणार आहे.

पहिली साक्ष समर्थ रामदासांची. ब्रह्मनिरूपणासाठी ज्या ग्रंथाची पारायणे होतात त्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि तो वाचताना एखाद्या दक्ष चिटणीसाने नव्या कारकुनास दिलेली समजच आपण वाचत आहो असा भास होतो. अक्षर वाटोळे, मोकळे आणि काळेभोर असावे, ओळीला ओळ लागू नये, आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथसमाप्तीपर्यंत सर्व मजकूर एकाच टाकाने उतरला आहे असे दिसावे, इतके सांगून समर्थ थांबत नाहीत. पानाभोवती जागा कोरी सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. निरनिराळ्या देशांचे बोरू आणून ठेवावे. ते तासण्याची हत्यारे, आखण्याची साधने, हिंगुळ आणि शाई यांचा संग्रह असावा. पोथीला बासने, मेणकापड, पेट्या आणि कुलुपेसुद्धा असावीत, असा सगळा सरंजाम ते मांडतात. कफनी आणि कुबडी एवढ्याच ऐवजानिशी मुलूख पालथा घालणाऱ्या पुरुषाने कुलुपापर्यंत विचार करावा, याचे प्रथमदर्शनी नवल वाटते.

परंतु त्याहून मोलाची सूचना निराळीच आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी कामाला येत नाही, म्हणून अक्षर मध्यम आकाराचे काढावे, असे समर्थ बजावतात. आज तीक्ष्ण असलेल्या डोळ्यांच्या भरवशावर उद्याच्या मंद डोळ्यांचा हक्क बुडवू नये, असा हा विचार आहे. त्याच समासात, काया पुष्कळ कष्टवावी आणि कीर्ती मागे उरवावी, असेही ते सांगतात. आणि या दोन आज्ञांत विसंगती पाहणाऱ्याने जमाखर्च कधी मांडलेला नसावा. देह खर्चण्यासाठीच आहे याविषयी समर्थांना तिळमात्र शंका नाही. पण खर्च करणे वेगळे आणि मुद्दल उधळणे वेगळे, आणि कारभाऱ्याने धन्याचा पैसा कितीही खर्चला तरी त्याला हिशेब चुकत नाही.

येथे ओघाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. समर्थांच्या यादीतला हिंगुळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग; जुन्या चित्रकारांची पिवळीधमक हरताळ सोमलाच्या कुळातली, आणि सफेदा शिशापासून काढलेला. कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करून अणकुचीदार करण्याची खोड असलेल्या चित्रकाराच्या पोटात यांतले काय काय जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात चित्रकारांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्यांच्या फिकट, निरुत्साही प्रकृतीचे खापर प्रतिभेच्या उदास वृत्तीपेक्षा त्यांच्या रंगांवर फोडले. ज्या खिन्नतेला रसिक लोक आत्म्याची व्यथा समजत होते, तिच्यात थोडे शिसे आणि थोडा पाराही होता! तैलरंगवाल्यांची आणखी एक तऱ्हा आहे. अळशीच्या तेलाने माखलेल्या चिंध्या कोपऱ्यात बोळा करून फेकल्या, तर ते तेल हवेशी संयोग पावताना तापत जाते आणि कोणी काडी न लावता त्या ढिगाला आग लागू शकते. म्हणून जाणता चित्रकार कितीही थकला असला तरी त्या चिंध्या पसरून वाळत घालतो, नाहीतर पाण्यात बुडवतो. अशा ठिकाणी टापटीप ही शोभेची बाब राहत नाही, ती अहिंसेच्या प्रांतात जाते.

आता गीतेच्या सहाव्या अध्यायाकडे वळू. चित्त एकाग्र करण्याची विद्या सांगताना भगवंतांनी आरंभ केला आहे तो जागेपासून. स्थळ शुद्ध असावे, आसन स्थिर असावे, फार उंच नको, फार सखल नको, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र, इतका तपशील आधी येतो. मग जरा पुढे, अति खाणाऱ्याला योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, अति झोपणाऱ्याला नाही तसा जागरणे करणाऱ्यालाही नाही, हा निर्वाळा येतो. जागेची व्यवस्था आणि देहाची व्यवस्था एकाच अध्यायात, एकाच साधनेची अंगे म्हणून आलेल्या आहेत; आणि सतराव्या अध्यायात तर शरीराला पीडा देणाऱ्या दांभिक तपाची गणना थेट आसुरी निश्चयात केलेली आहे. ज्ञानेश्वरांनी या आसनाच्या श्लोकावर जो विस्तार केला आहे तो कोणत्याही कलावंताने आपली खोली थाटण्यापूर्वी वाचावा. ते स्थळ इतके रम्य असावे की विलासी माणसालाही तेथे राज्य सोडून बसावेसे वाटावे. तेथे पाणी निर्मळ असावे, वारा मंद असावा, भुंग्यांची गुणगुण नसावी. पण इतकी शांतता मागितल्यावर माउलींचे मन जरा विरघळते: पाण्यालगत हंस असले, दोनचार सारस असले, एखादे वेळी कोकिळ येऊन बसला, तर चालेल, आणि मोर नेहमी नकोत, पण अधूनमधून आले-गेले तर त्यांनाही मज्जाव नाही. निःशब्दतेचा हुकूम काढून त्यात मोराला रहदारीचा परवाना देणारा हा पुरुष, ज्याला घरातल्या मुलाच्या हाकेने समाधी भंगल्याचा संताप येतो त्या कलावंताहून फार शहाणा होता.

यापुढची साक्ष बौद्ध विनयपिटकातील असून ती मला सर्वांत जवळची वाटते. चंपा नगरीतील सोण कोळिवीस नावाचा श्रेष्ठिपुत्र इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर लव उगवली होती, आणि ते नवल पाहण्यासाठी मगधराज बिंबिसाराने त्याला मुद्दाम बोलावणे धाडले होते. तोच सोण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात अनवाणी चंक्रमण करू लागला. चंक्रमण म्हणजे ठरावीक वाटेवर सावधचित्ताने येरझारा घालणे. सोणाने त्या इतक्या घातल्या की पाय फुटून ती वाट खाटीकखान्यासारखी रक्ताने माखली. एवढे करूनही मुक्तीचा पत्ता नाही असे पाहून, घरी परतावे आणि संपत्तीतून दानधर्म करीत राहावे, असा विचार त्याच्या मनात आला. तेव्हा बुद्ध स्वतः त्याच्याकडे गेले. त्यांनी ना त्याच्या रक्ताची स्तुती केली, ना त्याच्या दुबळेपणाचा धिक्कार; तू घरी असताना वीणा चांगली वाजवीत होतास ना, एवढेच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. बेताने लावल्या तरच वाजते, आणि प्रयत्नाचेही तसेच, इतकाच उपदेश. तथागतांनी एका वादकाला त्याच्याच वाद्याची आठवण दिली, एवढ्यावरून त्यांची शिकवण्याची जात कळते.

या वीणेच्या दृष्टांताचे पुढे मध्यम मार्ग म्हणून गोडवे गायले गेले, पण त्यातले मर्म बहुधा निसटते. मध्य म्हणजे दोन टोकांच्या मधोमध खुंटी मारून ठेवलेली जागा, अशी आपली कल्पना असते. त्यामुळे दिवसाचे इतके तास कलेला, इतके प्रकृतीला, इतके केरवाऱ्याला, अशी वाटणी करून कलावंत समतोल साधू पाहतो आणि आठवडाभरात ती मोडली की स्वतःला दूषणे देत बसतो. वाद्य लावणाऱ्याला विचारा. तंबोऱ्याची खुंटी पिळून तार सुरात आणली, मणी सरकवून उरलासुरला फरक काढला, घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केसभर इकडेतिकडे करून जवारी उघडली, म्हणजे काम संपले असे होत नाही; पावसाळी हवा असो की माणसांनी भरलेल्या दिवाणखान्याची ऊब असो, तार उतरते किंवा चढते, आणि गवई दोन चिजांच्या मध्ये, प्रसंगी चालू ख्यालातही, मागे वळून खुंटीला हात घालतो. श्रोत्यांपैकी कोणी त्याला गाणे थांबवून लावालावी करीत बसल्याबद्दल दोष देत नाही, कारण तीही गाण्यातच मोडते. प्रदर्शनाची मुदत तोंडावर आली असता चार रात्री जागणारा चित्रकार पापी नव्हे. त्या चार रात्रींनंतर खुंटी सैल करण्याचे ज्याला सुचत नाही, त्याची तार तुटते.

उलट बाजूही आहे. आसन घालण्यातच ज्यांचा जन्म जातो असे साधक प्रत्येक पंथात असतात, आणि कलेच्या प्रांतात तर त्यांचा सुळसुळाट आहे: शिसपेन्सिली तासून झाल्या, रंगांच्या नळ्या वर्णक्रमाने लावून झाल्या, फडताळ पुसून झाले, प्राणायाम झाला, काढा घेऊन झाला, आणि दिवस मावळला. आपल्या पूजाविधीने या व्याधीवर परस्पर तोड काढलेली दिसते. त्यात आसनशुद्धी आहे, भूतशुद्धी आहे, कलशाची आणि घंटेचीही पूजा आहे; परंतु यांपैकी प्रत्येकाला मोजके मंत्र नेमून दिलेले असून ते संपताच पुढच्या उपचाराकडे सरकावे लागते, आणि देवावर फूल पडल्याखेरीज कोणालाही उठता येत नाही. तयारीला पावित्र्य द्यायचे, पण तिला मुक्काम करू द्यायचा नाही, अशी ही तजवीज आहे.

वासुदेव गायतोंडे यांच्या आयुष्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून 1948 साली पदविका घेतलेला हा चित्रकार पुढे दिल्लीत निजामुद्दीन भागातल्या एका लहानशा जागेत एकांतात राहिला. झेन विचाराचा त्याच्यावर प्रभाव होता आणि वर्षाकाठी तो अगदी मोजकीच चित्रे पूर्ण करी. बाजाराच्या हिशेबाने ते रिकामे दिवस आळसाच्या खाती पडतील. त्याच्या हिशेबाने वाट पाहणे हाही कामाचा भाग होता. 1984 सालच्या अपघाताने मोठे कॅनव्हास पेलणे अशक्य झाले, तेव्हा त्याने देहाशी हट्ट धरला नाही. काही काळ लहान कागदांवर रेखाटने केली. त्या कागदांकडे तडजोड म्हणून पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मात्र सोणाची गोष्ट वीणेपाशी संपत नाही, आणि तिचा उत्तरार्ध क्वचितच कोणी सांगतो. त्याचे फुटलेले पाय पाहून बुद्धांनी त्याला एकतळी वहाणा घालण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती नाकारली. ऐंशी गाडे सोने सोडून मी भिक्षू झालो. आता लोक म्हणतील, सोने सोडले आणि वहाणांत अडकला. भगवंतांनी सर्व संघाला अनुज्ञा दिली तर मीही घालीन, नाहीतर नाही, असे त्याने सांगितले. आणि त्यावरून सर्व भिक्षूंना एकतळी वहाणांची मोकळीक मिळाली. स्वतःची निगा ही सवलत म्हणून त्याला नको होती. नियम म्हणून हवी होती.

सोणाची ही अट आपल्या घरांना लावून पाहिली तर अवघड जागेचे दुखणे निघते. नामांकित कलावंतांच्या नीटनेटक्या खोल्या, वेळच्या वेळी येणारे जेवण आणि राखली गेलेली दुपारची वामकुक्षी यांचा बंदोबस्त बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी, आणि प्रायः घरातल्या स्त्रीच्या, दिवसातून कापून घेतलेला असतो. तिच्या अंगी एखादी कला असली तर तिला ना जागा, ना वेळ. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गाणी रचीत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व नात्यातल्या मंडळींनी ती टिपून ठेवली म्हणून 1952 साली, त्या निवर्तल्यावर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे पुस्तक निघू शकले. दळणाच्या लयीने ती गाणी घडवली हे खरे असेल. पण त्यावरून स्त्रीला निराळी खोली लागत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे सोणाच्या रक्ताळलेल्या वाटेवरून अनवाणी चालण्याचा नियम काढण्यासारखे आहे. कोणी टिपून न घेतल्यामुळे जात्याबरोबरच विरून गेलेली गाणी किती असतील, याचा दाखला कोणत्याच दफ्तरात सापडणार नाही.