आधी कुलूप काढ

तुझ्या गाळ्याच्या मागच्या दाराला कुलूप का? चोरी होते म्हणून? किल्ली कुणाकडे? वॉचमनकडे. रात्री दोनला वायर पेटली, तर पोटमाळ्यावर झोपलेल्या कामगार पोरांनी वॉचमनला शोधत फिरायचं का?

अडाणी असतास तर जवळ बसवून समजावलं असतं. पण तू डिप्लोमा केलेला माणूस. नकाशा वाचतोस, जीएसटीची कलमं तोंडपाठ आहेत तुला. मग राष्ट्रीय इमारत संहितेतलं एक साधं वाक्य डोक्यात का शिरत नाही? बाहेर पडायचं दार आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आणि पुढचं शटर हे दार नव्हे. वीज गेली की मोटारीचं शटर जागचं हलत नाही, हे तुला माहीत आहे. गेल्या पावसाळ्यात हाताने साखळी ओढताना घाम फुटला होता ना?

वर बघ. स्प्रिंकलरला टेकतील इतकी खोकी रचलीस. 68 अंशांना त्याची काच फुटते आणि पाणी सुटतं. ते पसरायला खाली निदान अर्धा मीटर मोकळा लागतो. तू तिथे थर्माकोल कोंबलास. सीझन आहे म्हणे! आग सीझन बघून येते का? होजच्या पेटीत चिंध्या, आग विझवायच्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीत, पिन गंजलेली. हे सगळं रोज तुझ्या डोळ्यांसमोर असतं.

आणि तो फॉर्म ‘बी’ मला दाखवू नकोस. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने तो दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा, तो आग विझवायची यंत्रणा चालू आहे म्हणून. पंप कधी सुरू केला होता? कुणाच्या समोर? एजन्सीवाला आला, चहा प्याला, सही करून गेला. त्या सहीने आग विझते? एनओसी मिळाली तेव्हा हा पोटमाळा होता का? मग नकाशात तो का नाही?

‘सगळेच असं करतात’ हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा काढायचं नाही. साकीनाक्याच्या खैरानी रोडवरही सगळेच तसं करत होते. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे फरसाणचा गाळा पेटला. आत झोपलेले 12 कामगार गेले. वाळूजला 31 डिसेंबर 2023 ला हातमोज्यांच्या कारखान्यात सहा जण गेले. तेही आत झोपलेले. लांबचं वाटतं? 28 फेब्रुवारी 2024 ला आपल्या भाईंदर पूर्वेत आझाद नगर पेटलं. तो धूर तू पाहिलास. दोन दिवस हळहळलास. तिसऱ्या दिवशी त्याच मागच्या दारापुढे माल उतरवून घेतलास.

पैसे नाहीत म्हणतोस? नवीन रॅकला होते. रंगीत बोर्डाला होते. कुलूप काढायला किती पैसे लागतात? खोकी अर्धा मीटर खाली घ्यायला? पोरांना खोली भाड्याने घेऊन द्यायला लागतात, ते दे. तुझ्या मालाचा विमा आहे, त्यांच्या जिवाचा काय आहे? गावाकडून आईबापांनी तुझ्या भरवशावर पाठवलंय त्यांना.

महापालिकेची नोटीस आली की हलेन, असं मनात धरून बसला असशील तर ते सोड. जबाबदारी कायद्याने आधी मालकावर टाकली आहे, अधिकारी तपासायला येवो न येवो. मालक तू आहेस. तुला कळत नाही असं नाही, तू टाळतोस. याचाच मला राग आहे.

आज शटर ओढायच्या आधी मागचं कुलूप काढ, दारापुढचा माल हलव. आज रात्री एकही पोरगा पोटमाळ्यावर झोपता कामा नये. उद्या पंप स्वतः सुरू कर आणि पाणी येतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एवढं झाल्याशिवाय माझ्याशी बोलायला येऊ नकोस.