खराट्याचे कीर्तन

गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत. दिवसभर गाव झाडून काढायचे आणि मग रात्री कीर्तन! कुणी पाया पडलेले त्यांना खपत नसे.

एकमेकांच्या शेतात मिळून राबण्याच्या इथल्या जुन्या रीतीला आयरिश भाषेत ‘मेहल’ म्हणतात. आपली इर्जिकच ती. ‘टायडी टाउन्स’ स्पर्धा १९५८ पासून याच बळावर चालते.

आरतीला आपला हॉल भरतो. पण एप्रिलमधल्या ‘नॅशनल स्प्रिंग क्लीन’ला, पावसात कचरा वेचणाऱ्या शेजारच्या आजींसोबत आपल्यापैकी किती जण असतात? आपल्या मुलांचे गाव आता हेच आहे. बाप्पाला ते स्वच्छ दिसायला नको का? नाव नोंदवले की पिशव्या मोफत मिळतात. खराटा मात्र घरचा न्यावा.