रुळलं कोण?

इन-इयर इयरफोनची नवी जोडी आणली आणि ती पहिल्या दिवशी आवडली नाही, असं कुणा जाणकाराला सांगून बघा. उत्तर ठरलेलं असतं. "थांब जरा. शंभर तास वाजू दे, मग बोल." या सल्ल्याला बर्न-इन असं भारदस्त नाव आहे. रात्री इयरफोन फोनला जोडून ड्रॉवरमध्ये ठेवायचे आणि पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसुरी आवाज, सकाळपर्यंत त्यांच्यातून वाहू द्यायचा. आठवडाभरात म्हणे आतला पडदा सैलावतो, खर्ज खुलतो, वरच्या स्वरांची टोचणारी धार जाते. माझ्या ओळखीत मन लावून हे करणारे दोन पीएचडीधारक आहेत. ड्रॉवरमधल्या त्या इयरफोनला श्रोता नसतो, ही गोष्ट त्यांना खटकत नाही.

रोटोटुनाहून विद्यापीठात जायच्या बसप्रवासासाठी मी दोन महिन्यांपूर्वी अशी एक जोडी घेतली. पहिल्या दिवशी किशोरीताईंचा आवाज पत्र्यावरून घासत आल्यासारखा वाटला आणि तंबोरा भिंतीपलीकडे कुणी छेडत असावं इतका लांब. हे मी वहीत लिहून ठेवलं, कारण मोजण्या-नोंदण्याच्या धंद्यात राहून तशी खोडच लागते. तीन आठवड्यांनी तीच भूप कानात पडत होती आणि तक्रारीला जागा नव्हती. "आवाज सुधारला" हे वाक्य जिभेवर तयार होतं. त्या वाक्याचा कर्ता कोण, हा माझा प्रश्न आहे. इयरफोन बदलले, की मी?

मराठीत या बाबतीत शब्दांची चंगळ आहे. लोणचं मुरतं: तिथे फोड बदलते, खाणारा नाही. हात सरावतो: तिथे माणूस बदलतो, सुई तीच राहते. नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते, मग तेल पिऊन मऊ होते, आणि तोवर टाचेलाही घट्टा पडलेला असतो. तिथे दोघंही बदलतात. आणि मग 'रुळणं' आहे. वाट रुळते, शब्द रुळतो, माणूसही रुळतो. कोण कुणामुळे रुळलं ते हा शब्द सांगतच नाही. परदेशात आल्यापासून घरच्यांनी आपल्याला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आठवा. "काय, रुळलात का?"

आधी यंत्राचं काय ते बघू. साध्या इन-इयरमध्ये नखाएवढा पातळ पडदा असतो, त्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत थरथरतं. मोठ्या स्पीकरमध्ये शंकूला मागून धरणारी कापडी चकती सुरुवातीच्या वापरात खरोखर सैलावते आणि तो फरक मोजता येतो. बर्न-इनच्या समजुतीचं मूळ बहुधा इथेच असावं. पण इन-इयरमध्ये ती चकती नसते आणि पडदा हलतो तोही केसाच्या जाडीच्या हिशेबात. बॅलन्स्ड आर्मेचर नावाच्या दुसऱ्या प्रकारात तर चुंबकांमध्ये एक धातूची पट्टी डुलते. तिच्यात सैल होण्यासारखं फारसं काही नाही. टिल हर्टसेन्स या अमेरिकी समीक्षकानं एकेजीच्या मोठ्या हेडफोनवर चिकाटीनं मोजमापं घेतली. फरक सापडले, पण अगदी बारीक. शुअर कंपनीच्या ई१ या १९९७ सालच्या इन-इयरचे भरपूर वापरलेले नमुने पुन्हा मोजले, तेव्हा ते नव्यासारखेच निघाले, असं कंपनीच्याच माणसांनी सांगितलं आहे. उलट कानातली रबरी टिप नीट बसली नाही आणि बाजूला जरा फट राहिली, की खर्ज गळून जातो. हा फरक कुणालाही ऐकू येईल एवढा ढळढळीत असतो. नवी जोडी कशी बसवायची हे आपली बोटं पहिल्या काही दिवसांत शिकतात. शंभर तासांतले निम्मे श्रेय मी बोटांना देईन.

पण मला पटलेला युक्तिवाद मोजमापाचा नाही, मिरजेचा आहे. मिरजेत सतार-तंबोऱ्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानसेनं घासून असा काही उतार द्यायचा, की तार तिला पुसटशी स्पर्श करत राहावी आणि आवाजाला ती गुंजणारी झिलई यावी. वाजवता वाजवता तारा घोडीवर चरे पाडतात आणि जवारी उतरते. मग पुन्हा कारागिराकडे जावं लागतं. म्हणजे वाद्य वापरानं खरोखर बदलतं, आणि म्हणूनच ते बिघडतंही. खरा भौतिक बदल असाच असतो, त्याला आपल्या आवडीशी देणंघेणं नसतं. आता बर्न-इनच्या गोष्टी ऐका. शंभर तासांनी माझे इयरफोन बिघडले, असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शंभर जणांच्या शंभर वस्तूंमध्ये जो बदल दर वेळी चांगल्याकडेच होतो, तो वस्तूंमध्ये शोधू नये.

मग काय, सगळा भ्रमच? तेवढं स्वस्तातही सुटता येत नाही. १९९८ मध्ये हॉफमन, व्हान रिस्विक आणि व्हान ऑपस्टल या डच संशोधकांनी काही जणांच्या कानाच्या पाळीत साचे बसवून कानांचा आकारच बदलला. आवाज वरून येतोय की खालून, हे आपण पाळीच्या घड्यांवरून ओळखतो. साचे बसताच ती ओळख मोडली. लोक तसेच हिंडले-फिरले, रोजची कामं करत राहिले आणि काही आठवड्यांत नव्या कानांनी पुन्हा नीट ऐकू लागले. साचे काढल्यावर जुनं ऐकणं जागच्या जागी शाबूत होतं. नवी भाषा शिकून जुनी विसरू नये तसं. तेव्हा सरावणं ही फसवणूक नव्हे. माझ्या मेंदूनं त्या तीन आठवड्यांत खरं काम केलं आहे. माझा आक्षेप इतकाच, की मजुरी मेंदूनं केली आणि शाबासकी इयरफोनला मिळाली.

यात एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. इयरफोनपुरतं फारसं नाही. तरी पाहा, "शंभर तास थांब" या सल्ल्यानं नकळत काय होतं ते. वस्तूबद्दलची तक्रार ग्राहकाच्या अधीरतेची तक्रार होऊन बसते. सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. न्यूझीलंडचा १९९३ चा ग्राहक हमी कायदा सदोष मालासाठी दाद देतो, पण मन बदललं म्हणून वस्तू परत घेणं दुकानदारावर बंधनकारक करत नाही. ती सवलत दुकान स्वखुशीनं देतं आणि तिला मुदत असते. सरावायला लागणारा काळ आणि परत करायची मुदत यांत आधी काय संपतं, ते सांगायला नको.

हाच सल्ला आपल्याकडे माणसांना दिला जातो. नव्या सुनेला काही पटलं नाही, तर "नवीन आहे, रुळेल" असं म्हणण्याची रीत होती. होती म्हणते खरी. दोन वर्षांनी ती रुळायचीच. आणि तिचं रुळणं हाच घर चांगलं असल्याचा पुरावा मानला जायचा. पहिल्या महिन्यात तिला दिसलेलं खरं होतं की नाही, हे विचारायला मग कुणी उरत नसे, तीसुद्धा नाही. पुढे तीच आपल्या सुनेला "रुळशील" म्हणायची.

योन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंतानं १९८३ च्या आपल्या पुस्तकात आंबट द्राक्षांच्या कोल्ह्यावरूनच हा प्रश्न मांडला: जे मिळणार नाही ते नकोच होतं, असं मन स्वतःला पटवत असेल, तर माणसाच्या पसंतीला न्यायाचा पाया कसं मानायचं? आपली गोष्ट त्या कोल्ह्याच्या उलटी आहे. आपल्या हातात द्राक्षं आहेत, ती आंबट आहेत, परत करता येत नाहीत, आणि रोज एक खाता खाता ती गोड लागायला लागली आहेत. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं, की अर्थ न कळणारी चिन्हं आणि निरर्थक शब्दसुद्धा वारंवार समोर आले की लोकांना बरे वाटू लागतात. म्हणजे 'आता आवडतं' एवढ्या वाक्यातून वस्तूच्या गुणाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

इथे विरोधात बोलायला हवं असं एक आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. काही गोष्टी पहिल्या भेटीत कळतच नाहीत. ख्याल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विलंबितातली पंधरा मिनिटं म्हणजे नुसतं थांबणं वाटतं. तो पुढे रुळतो तेव्हा द्राक्षं गोड मानून घेत नाही. आधी ऐकूच न आलेलं काही आता त्याला ऐकू येतं. या दोन रुळण्यांत फरक कसा करायचा? माझ्यापुरती एक कसोटी आहे. रुळल्यावर तुम्ही जास्त सांगू शकता की कमी? ख्यालाला सरावलेला माणूस तुम्हाला दाखवून देईल, की बघ, इथे गांधार असा लागला. इयरफोनला सरावलेला माणूस "आता छान वाटतंय" म्हणतो आणि थांबतो. पहिल्या दिवशी मला पत्रा ऐकू येत होता, आता येत नाही. जुने इयरफोन घालून परत नवे घातले, तर पहिली दोन मिनिटं तो पुन्हा येतो. तो तिथेच आहे. मी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं आहे.

रोटोटुनात राहून हा विचार सुचणं साहजिक आहे. माओरीत रोटो म्हणजे तळं आणि टुना म्हणजे ईल, आपला वाम मासा. हॅमिल्टनचा हा उत्तरेकडचा भाग पूर्वी पाणथळ होता आणि आसपासची बरीच जमीन पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या थरांची आहे. माझं संशोधन याच मातीवर चालतं. पीटमधलं पाणी काढलं की ती आक्रसते, हवेत कुजते आणि जमीन हळूहळू खाली जाते. तिच्यावर राहणाऱ्याला हे जाणवत नाही, कारण तोही तिच्याबरोबरच खाली जात असतो. इंग्लंडमध्ये होम फेन इथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक लोखंडी खांब खालच्या घट्ट चिकणमातीत रोवला, त्याचा माथा तेव्हा जमिनीच्या पातळीत होता. आज तो सुमारे ४ मीटर वर उभा आहे. खांब उंच झालेला नाही. पहिल्या दिवशीच्या नोंदीला मी असा खांब मानते. ती अंतिम सत्य नसते, कधी साफ चुकीचीही निघते, पण ती आपल्याबरोबर खचत नाही एवढा तिचा गुण.

आपल्यापैकी जे इथे स्थलांतर करून आले, त्यांच्याकडे असे खांब भरपूर असतात आणि दोन-तीन वर्षांत आपण ते स्वतःच पुरून टाकतो. या देशातली घरं थंड आणि दमट असतात, हे नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच हिवाळ्यात कळतं. जुने लोक, त्यात मराठीही आले, सांगतात: अजून एक स्वेटर घाल, होईल सवय. सवय होते. घर मात्र एका अंशानंही गरम झालेलं नसतं आणि मुलांचा खोकला सवयीनं जात नाही. शेवटी भाड्याच्या घरांसाठी हेल्दी होम्स नावाची मानकं २०१९ मध्ये लागू झाली. मुख्य बैठकीची खोली किमान १८ अंशांपर्यंत तापवू शकेल असा हीटर असायलाच हवा, हे त्यांत आलं, आणि १ जुलै २०२५ पर्यंत खासगी भाड्याच्या सगळ्या घरांना ती पाळणं बंधनकारक झालं. पिढ्यान्‌पिढ्या जे 'आपल्याकडे असंच असतं' होतं, त्याच्यासमोर एक आकडा उभा राहिला.

गेल्या हिवाळ्यात नाशिकहून नुकत्याच आलेल्या एक ताई मला विचारत होत्या, "घर खरंच थंड आहे, की मलाच नवीन म्हणून वाटतंय?" सवयीचं वाक्य माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. ते न बोलता मी घरचा थर्मामीटर त्यांना नेऊन दिला. हीटर संध्याकाळभर पूर्ण चालू ठेवूनही त्यांच्या बैठकीत तो १५ च्या वर गेला नाही. त्यांनी चार दिवस तारीख आणि वेळ घालून आकडे लिहिले आणि घरमालकाला पाठवले. त्यांचं उत्तर आलं, की घर नवीन असताना असं वाटतं, थोडे दिवस राहून बघा. ताईंनी पाचव्या दिवसाचा आकडा पाठवला.